चारशेसातचं व्हील अलाइनमेंट घरच्या घरी: दोरी, खिळा आणि टेप पुरते का?

ओतूरचा_टेम्पो

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९६ सालची टाटा ४०७ आहे. टोमॅटोच्या हंगामात नारायणगाव मार्केट, एरवी कांदा-भाजीपाला भरून माळशेज उतरून कल्याण, कधी वाशी. इंजिनाची तक्रार नाही. पुढचे दोन्ही टायर मात्र आतल्या बाजूने खाल्ले जाताहेत. दिवाळीत टाकलेली जोडी आतून गुळगुळीत झाली, बाहेरची नक्षी अजून नव्यासारखी आहे. भरलेली असताना गाडी बरी चालते. रिकामी परतताना सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं.

गावातलं अलाइनमेंटचं मशीन कारचं आहे, त्याच्या रॅम्पवर टेम्पो चढत नाही. ट्रकचं काम करणारे लांब आहेत, आणि हंगामात गाडी दिवसभर उभी ठेवणं परवडत नाही. शेडमध्ये कोबा आहे, जॅक आहे, पाने आहेत. घरी जमेल का? जुन्या गाड्यांवर हात चालवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पाना_१९

जमतं. आमच्याकडे सगळे दोरी लावूनच करतात. टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याचे) क्लॅम्प ढिले करा, रॉड फिरवा, टायर सरळ दिसले की आवळा.

फोरमनकाका

पाना, "सरळ दिसले की आवळा" यानेच टायर जातात. डोळ्याला सरळ दिसणाऱ्या चाकात १० मिमी फरक सहज लपतो.

ओतूरकर, तुमच्या गाडीपुरतं बोलतो. ४०७ ला पुढे अखंड घडीव एक्सल आहे, आय-बीम, वर पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग). या रचनेत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि किंग पिनचा (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा) आडवा कल एक्सल घडवतानाच ठरलेला असतो, कॅस्टर (त्याच पिनचा पुढे-मागे कल) एक्सल आणि पाट्यांच्या बैठकीवर ठरतो. पाना लावून फिरवता येईल असं एकच माप उरतं, ते म्हणजे टो: चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे वळलेल्या असतील तर टो-इन, बाहेर वळलेल्या असतील तर टो-आउट. म्हणून हे काम घरी होऊ शकतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की बाकी कुठलंही माप बिघडलेलं असेल तर काहीतरी झिजलंय, सरकलंय किंवा वाकलंय. ते टो फिरवून झाकायचं नाही.

तेव्हा टेप हातात घेण्याआधी प्ले, म्हणजे जॉइंटमधली ढिलाई, शोधा.

गाडी जमिनीवर, चाकांवर पूर्ण वजन. एकाला केबिनमध्ये बसवून स्टेअरिंग डावं-उजवं थोडं थोडं हलवायला सांगा, नुसतं चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. तुम्ही खाली वाकून प्रत्येक जॉइंटवर हात ठेवा: ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंकची (त्या हातापासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. ज्या जॉइंटमध्ये आधी एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा, तो संपलेला. हाताला तो "टक्" लगेच कळतो, डोळ्याला कळत नाही.

मग एक्सल जॅकवर घ्या, खाली घोड्या लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जायचं नाही. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर हब बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंग पिन आणि बुश गेलेत.

किंग पिनमध्ये प्ले असेल तर आधी ते काम. चाक दर क्षणी नव्या कोनात उभं राहणार, मग तुम्ही मोजणार काय?

घाटवाट

काकांच्या म्हणण्याला जोड देतो. टायर काय सांगतोय तेही बघा. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. आत जाताना हात गुळगुळीत सरकला आणि बाहेर येताना धारा टोचल्या, तर टो-इन जास्त आहे. उलट असेल, म्हणजे आत जाताना धारा लागत असतील, तर टो-आउट. आतून झिजलेला टायर आणि आत जाताना टोचणाऱ्या धारा ही जोडी असेल तर नव्वद टक्के टो-आउटच. पण आतली कड नुसती गुळगुळीत झिजलीय आणि धारा कुठेच नाहीत, तर कॅम्बरकडे म्हणजे पुन्हा किंग पिन-बेअरिंगकडे बघावं लागेल.

हवेचा दाब आधी दोन्हीकडे सारखा करून घ्या.

ओतूरचा_टेम्पो

काका, घाटवाट, मनापासून धन्यवाद. तळहात फिरवला. दोन्ही टायरवर आत जाताना धारा लागतात, क्लीनरच्या बाजूला जास्त. टाय रॉडचा डावा एंड स्पष्ट टक् करतोय, रबराचा बूट फाटून आत माती गेलीय. किंग पिन मात्र घट्ट आहेत, मागच्या पासिंगच्या आधीच बुश टाकले होते. बेअरिंगमध्ये किंचित खेळ आहे.

नवे एंड दोन्ही बाजूंना टाकू का एकच?

फोरमनकाका

दोन्ही टाका. एक नवा, एक जुना ठेवलात तर लवकरच पुन्हा हेच काम निघेल, आणि अलाइनमेंट पुन्हा पहिल्यापासून. जुना एंड सोडवताना किती आटे आत होते ते मोजून ठेवा, म्हणजे नवा साधारण त्याच जागी बसेल. रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. दोन्ही एंड जवळपास सारखेच आत गेले पाहिजेत. एक टोक दोन आट्यांवर लटकतंय आणि दुसरं पूर्ण आत, असं कधीही ठेवू नका. स्प्लिट पिन नवीच घाला. जुनी पिन सरळ करून परत घालणारे मेकॅनिक पाहिलेत, त्यांच्या हातात घाटात जाणारी गाडी देऊ नये.

बेअरिंगचं नट आवळताना चाक फिरवत फिरवत आवळा, मग थोडं सैल करून लॉक करा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि खडखडही नको.

चाक वर आहे तोवर किंग पिनला ग्रीस मारून घ्या. वजन नसताना ग्रीस खालच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये शिरतं. गाडी जमिनीवर असताना मारलं तर बरंचसं बाजूनेच बाहेर येतं.

आता मोजणी. हे शांतपणे वाचा, यातच सगळं आहे.

जागा सपाट हवी. कोबा डोळ्याला सपाट दिसतो, पण गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी बघा. चार-पाच मिमीच्या वर फरक असेल तर पातळ फळी किंवा पत्रा घालून सारखं करा.

चाकं उचललेली असतानाच टायरच्या मधल्या पट्ट्यावर ओल्या चुन्याचा हात फिरवा. वाळू द्या. एका जड लाकडी ठोकळ्यात खिळा ठोका, ठोकळा जमिनीवर पक्का धरा, खिळ्याचं टोक चुन्याला टेकवा आणि चाक एक पूर्ण फेरा फिरवा. टायरभर एक बारीक रेघ उमटेल. रिम थोडी वेडीवाकडी असली तरी ही रेघ फिरण्याच्या अक्षाशी काटकोनात असते. नक्षीच्या कडेवरून किंवा रिमवरून मोजणाऱ्यांचं माप इथेच चुकतं.

गाडी खाली घ्या. खाली घेतल्या घेतल्या मोजायचं नाही. जॅकवरून उतरलेले टायर जमिनीला चिकटून तिरके दबलेले असतात. गाडी हाताने ढकलून एक-दोन मीटर मागे घ्या, मग पुढे आणा, स्टेअरिंग सरळ. शेवटची हालचाल पुढच्या दिशेनेच असू द्या. ब्रेक मारून थांबवू नका, ठोकळ्याला टेकवून थांबवा.

आता एक्सलच्या मागच्या बाजूला, हबच्या मध्याच्या उंचीवर, दोन्ही रेघांवर पेनाने ठिपका द्या आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, म्हणजे तेच ठिपके पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतील. ७.५०-१६ च्या टायरचा व्यास साधारण ८० सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फेरा सव्वा मीटर. पुन्हा अंतर मोजा. मागचं माप वजा पुढचं माप, हा तुमचा टो. पुढचं माप कमी तर टो-इन, पुढचं जास्त तर टो-आउट.

इंजिनाचं सम्प मध्ये येतं म्हणून टेप सरळ ताणता येत नाही, हे माहीत आहे. दोन्ही बाजूंना रेघेवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. ओळंब्याचं डोलणं थांबेपर्यंत थांबा.

पाना_१९

काका, किती ठेवायचं? आमच्याकडे एक जुना ड्रायव्हर म्हणायचा, ५ मिमी टो-इन ठेवा, चालताना चाकं उघडतात.

फोरमनकाका

चाकं उघडतात हे खरं आहे. मागची चाकं गाडी ढकलतात, पुढच्या चाकांना रस्त्याचा विरोध मागे रेटतो आणि जॉइंटमधली सगळी ढिलाई त्या दिशेने निघते. म्हणून उभ्या गाडीत थोडं टो-इन ठेवायचं. पण जॉइंट नवे असतील तर ही उघडझाप फार थोडी असते. ५ मिमी ठेवण्याची सवय ढिल्या गाड्यांमुळे पडली.

कंपनीच्या पुस्तकात तुमच्या मॉडेलचं माप असेल तर तेच धरा. ते नसेल तर नायलॉन टायरला २ ते ३ मिमी आणि रेडियलला १ ते २ मिमी टो-इन या हिशेबात राहा.

घाटवाट

मिलिमीटरचा एवढा आग्रह का, असं कोणाला वाटत असेल तर हा हिशेब बघा. एकूण १२ मिमी टो-आउट म्हणजे प्रत्येक चाक ६ मिमी तिरकं. ८० सेंटिमीटर व्यासावर ६ मिमी, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला टायर साडेसात मीटर आडवा घासला जातो. ओतूर ते कल्याण साधारण १०० किलोमीटर धरा. एका खेपेत पाऊण किलोमीटर रबर नुसतं आडवं फरपटत गेलं.

ओतूरचा_टेम्पो

हे वाचून अंगावर काटा आला. नव्या टायरच्या जोडीचे पैसे कुठे गेले ते कळलं.

एंड बदलले, बेअरिंग बसवलं, चुना-खिळा-ओळंबा सगळं काकांनी सांगितलं तसंच केलं. नवे एंड जुन्या आट्यांवरच बसवले होते, म्हणून पहिलं माप जुन्या स्थितीच्या जवळचंच असावं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ११ मिमी जास्त, चक्क टो-आउट.

आता रॉड कोणत्या दिशेला आणि किती फिरवू? क्लॅम्प सोडलेत, रॉड हलतोय.

फोरमनकाका

टाय रॉड एक्सलच्या मागे आहे ना? मग रॉड लांब केला की चाकांच्या मागच्या कडा एकमेकींपासून लांब जातात, पुढच्या कडा जवळ येतात, टो-इन वाढतं. ज्या गाड्यांना रॉड एक्सलच्या पुढे असतो तिथे हे उलट होतं. दिशा लक्षात ठेवण्यापेक्षा रॉडवर खडूने रेघ मारा, थोडं फिरवा आणि मोजून बघा.

आणि अगदी थोडंच फिरवा. समजा आट्यांचा पिच दीड मिमी आहे. दोन्हीकडे उलटे आटे असल्यामुळे एका पूर्ण वेढ्यात रॉड ३ मिमीने लांबतो. स्टेअरिंग आर्म (टाय रॉड ज्याला जोडलाय तो चाकाकडचा हात) १८ सेंटिमीटरचा धरला, तर तेच टायरच्या कडेला चौपटीहून जास्त होऊन दिसतं, १३ मिमीच्या आसपास. तुम्हाला ११ चं टो-आउट घालवून २ चं टो-इन आणायचंय, म्हणजे एकूण १३. तुमच्या गाडीचा पिच आणि आर्म मोजून बघा, पण साधारण एका वेढ्याचा हा खेळ आहे. पाऊण वेढा फिरवा, गाडी मागे-पुढे ढकला, मोजा. उरलेलं पाव-पाव वेढ्याने.

पाईप पाना लावणार असाल तर आधी आट्यांत गंजासाठीचं तेल सोडून रात्रभर मुरू द्या. गंजलेला रॉड टॉमी घालून पिळला तर रॉडच वाकतो. वाकलेला रॉड सरळ करून वापरू नये, बदलावा.

माप आलं की क्लॅम्प आवळताना दोन गोष्टी बघा. क्लॅम्पची फट रॉडच्या खाचेवर यायला हवी, नाहीतर तो आवळतच नाही. आणि क्लॅम्पचा बोल्ट अशा बाजूला असू द्या की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर तो एक्सलला घासणार नाही. वळवून, वाकून, स्वतः बघा.

लाल_मातीतला

मी कोकणातला, आमच्याकडे जुनी महिंद्रा जीप. एक विचारतो. हे सगळं करून गाडी सरळ चालायला लागली, पण स्टेअरिंगचं चक्र तिरकं राहिलं तर ते काढून सरळ बसवायचं का? गॅरेजवाला तसंच करतो.

फोरमनकाका

नाही. अखंड एक्सलच्या गाडीत चक्र सरळ करायचं असतं ते ड्रॅग लिंकवर. स्टेअरिंग बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेढे फिरतो ते मोजा, त्याच्या बरोबर मध्यावर थांबा. चाकं सरळ असताना बॉक्स या मध्यावर असला पाहिजे, कारण तिथेच त्याचा प्ले सगळ्यात कमी असतो. नुसतं चक्र उचलून फिरवून बसवलं तर दिसायला सरळ, पण बॉक्स मध्यापासून सरकलेला. मग लोक म्हणतात बॉक्स ढिला झाला आणि त्याचा स्क्रू आवळत बसतात.

टेक्सासमधून

धागा आवडला. इथे माझ्याकडे सत्तरच्या दशकातली फोर्ड एफ-१०० आहे. फोर्डने १९६५ पासून या पिकअपला ट्विन आय-बीम दिलं, म्हणजे पुढे एक अखंड एक्सल न ठेवता दोन बीम, एकमेकांना ओलांडून प्रत्येक बीम विरुद्ध बाजूच्या चेसिसला टांगलेला. त्यामुळे स्प्रिंग बसली की कॅम्बरही बदलतो. चुना-खिळ्याची पद्धत मी टो साठी तशीच वापरतो, फक्त आधी पुढची उंची मोजावी लागते. मोजायच्या आधी दोन्ही चाकांखाली पत्र्याचे दोन-दोन तुकडे, मध्ये ग्रीस, असे ठेवतो. रॉड फिरवला की चाक त्यावर सहज सरकतं, दर वेळी गाडी ढकलावी लागत नाही. ४०७ वाल्यांनाही उपयोगी पडेल.

फोरमनकाका

छान सांगितलंत. पत्रे जाड घ्या, कडा घासून बोथट करा. शेवटचं माप मात्र पत्रे काढून, गाडी ढकलून, परत घ्या.

ओतूरचा_टेम्पो

माप २ मिमी टो-इनवर आलं. नव्या जोडीवर माळशेज उतरून आलो. उतारावर गाडी हातात राहते, ब्रेकवर एका बाजूला ओढत नाही. भरलेली असताना काहीच तक्रार नाही.

पण रिकामी येताना अजून थोडी तरंगते. पूर्वीपेक्षा कमी, पण आहे. टो बरोबर असताना हे का?

घाटवाट

मागचे पाटे कंपनीचेच आहेत की वाढवलेत?

ओतूरचा_टेम्पो

वाढवलेत. घेतली तेव्हाच मागे दोन्हीकडे जास्तीचे पाटे होते. रिकामी असताना मागून उंच दिसते.

फोरमनकाका

मग कारण सापडलं, आणि हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून नीट लिहितो.

किंग पिनचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. हा कॅस्टर. सायकलच्या पुढच्या फोर्कचा कल असतो तसाच. त्यामुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. पुढचा एक्सल पाट्यांना आणि पाटे चेसिसला जोडलेले. मागून चेसिस उचललं की पुढचा एक्सलही पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. मागून ५ सेंटिमीटर उंच आणि दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर धरलं, तर जवळपास १ अंश गेला. कॅस्टरची मापं मुळातच थोड्या अंशांची असतात, त्यातला एक अंश ही मोठी गोष्ट आहे. भरल्यावर मागचा भाग बसतो, कॅस्टर परत येतो, गाडी सुधारते. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहिलेलं आहे.

पहिला उपाय, जास्तीचे पाटे काढा आणि परवान्यात आहे तेवढंच वजन भरा. ते पाटे जास्त माल लादण्यासाठीच घातलेले असतात. एक्सल, ब्रेक, टायर मात्र तेच राहतात. घाट उतरणाऱ्या गाडीबाबत मी यात तडजोड सांगणार नाही.

पाटे काढताना मागचा एक्सल चौकोनात आहे का तेही बघा. दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजा, चाकं सरळ ठेवून. दोन्हीकडचं माप सारखं यायला हवं. एका बाजूला कमी आलं तर पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट सैल होऊन पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला असण्याची शक्यता जास्त. मग एक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी धावते.

पाना_१९

कॅस्टरसाठी पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालतात ना? आणि एक जण सांगत होता, एक्सल गॅसने तापवून थोडा पिळून घेतला की कॅस्टर, कॅम्बर दोन्ही जमतात.

फोरमनकाका

तापवून? कदापि नाही. तो एक्सल घडवून, त्यावर उष्णतेची प्रक्रिया करून ताकद आणलेली असते. गॅसची ज्योत लावली की तेवढ्या जागेची ती ताकद गेली. दिसायला काही फरक दिसत नाही आणि एक दिवस खड्ड्यात तो तिथेच वाकतो किंवा तुटतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये थंड अवस्थेत हायड्रॉलिक जॅकने एक्सल सुधारतात, तेही मापं घेऊन, मर्यादेत. घरी किंवा रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये नाही.

पाचर घालता येते, पण पाटे मूळचे केल्यावरही कॅस्टर कमी मोजला गेला तरच. पाटा एक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे. त्याने किंग पिनचं वरचं टोक मागे झुकतं. दोन्ही बाजूंना एकाच कोनाची पाचर, पोलादी, आणि सेंटर बोल्टचं डोकं पाचरीच्या भोकातून एक्सलच्या खड्ड्यात पूर्ण बसलं पाहिजे. ॲल्युमिनियमची पाचर वजनाखाली चुरते, यू बोल्ट सैल होतात.

लाल_मातीतला

आमच्या गावातल्या एकाकडे नवी गाडी आहे, पुढे आडवा एक्सल दिसतच नाही, दोन्ही बाजूंना वेगळे आर्म. त्याने हेच केलं तर?

घाटवाट

टो मोजून बघायला हरकत नाही, पद्धत तीच. पण तिथे कॅम्बर आणि कॅस्टरही शिम किंवा कॅमने बदलतात, एक फिरवलं की दुसरं हलतं, आणि प्रत्येक चाकाचा टाय रॉड वेगळा. ती गाडी मशीनवरच न्यावी.

ओतूरचा_टेम्पो

जास्तीचे पाटे काढायला पुढच्या आठवड्यात गाडी लावतोय. हबपासून हबपर्यंत मोजलं, दोन्हीकडे सारखं आहे. काका, पाटे काढल्यावर टो पुन्हा मोजावा लागेल का?

फोरमनकाका

हो. मागची उंची बदलली की एक्सलचा कल बदलतो, त्याबरोबर टाय रॉड आणि ड्रॅग लिंकही थोडे हलतात. टो फार बदलणार नाही, पण मोजा. त्याआधी भरलेली एक खेप करून या, यू बोल्ट पुन्हा आवळा, आणि मगच चुन्याची रेघ मारा. स्टेअरिंगचं चक्र रिकाम्या गाडीत किंचित सरकलेलं दिसलं तर ड्रॅग लिंकवर घ्या, टाय रॉडला हात लावू नका.

आणि आतून झिजलेली जुनी जोडी पुढे परत चढवू नका. एका कडेला धारा पडलेला टायर बरोबर टो असतानाही गाडी ओढतो, मग तुम्ही चांगलं माप बिघडवत बसाल.